सोडणे एकट्याचे आणि सोडणे सर्वांचे

समाजमाध्यमे सोडण्याचा विचार गेल्या काही वर्षांत मराठी मध्यमवर्गात चांगलाच रुजला आहे. फेसबुकचे खाते बंद करणे, फोनमधून इन्स्टाग्राम काढून टाकणे, व्हॉट्सॲपवरच्या भाऊबंदांच्या आणि शाळासोबत्यांच्या ग्रुपांतून बाहेर पडणे, या कृतींमागे मनःशांतीची इच्छा असते तशीच माणसांची ओढही असते. पडद्यावर जाणारा वेळ वाचला की तो जिवंत माणसांना देता येईल आणि ज्यांच्याशी फोटोला पसंती देण्यापुरताच संबंध उरला आहे त्यांच्याशी पुन्हा बोलणे सुरू होईल, असे सोडणाऱ्याला मनापासून वाटत असते. ही ओढ खरी आहे आणि ती गांभीर्यानेच घेतली पाहिजे. मात्र तिच्यामागे एक गृहीतक आहे, ते असे की माध्यमाचा वेळ कमी झाला म्हणजे माणसांचा वेळ आपोआप वाढतो. माध्यम सोडणे हा एका व्यक्तीचा निर्णय असू शकतो, पण सोबत एका व्यक्तीच्या निर्णयाने निर्माण होत नाही. म्हणून एकट्याने केलेल्या त्यागातून बहुधा रिकामा वेळ तेवढा हाती लागतो, आणि नाती घट्ट होण्यासाठी सोडणे व भेटणे या दोन्ही गोष्टी अनेकांनी मिळून, ठरवून कराव्या लागतात, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

या गृहीतकाची एक काटेकोर परीक्षा अमेरिकेत झालेली आहे. २०१८ च्या मध्यावधी निवडणुकांच्या आधी हंट ऑलकॉट, मॅथ्यू गेन्ट्झकॉव्ह आणि त्यांच्या सहकारी अर्थशास्त्रज्ञांनी फेसबुक वापरणाऱ्या लोकांची निवड करून, त्यांतील काहींना चिठ्ठ्या टाकाव्यात तशा पद्धतीने वेगळे काढले आणि पैसे देऊन चार आठवडे खाते बंद ठेवायला लावले. अशा निवडीमुळे सोडणारे आणि न सोडणारे हे दोन्ही गट मुळात सारखेच असतात आणि नंतर दिसणारा फरक सोडण्यामुळेच पडला असे म्हणता येते. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासानुसार सोडणाऱ्यांचा दिवसाकाठी सरासरी एक तास वाचला. त्यातला काही वेळ कुटुंबीयांबरोबर आणि मित्रांबरोबर गेला, तसा काही एकट्याने दूरचित्रवाणी पाहण्यातही गेला. समाधान वाढले, पण थोडेच. राजकीय कडवेपणा कमी झाला, तशी चालू घडामोडींची माहितीही कमी झाली. प्रयोग संपल्यावर अनेकांनी फेसबुकचा वापर पूर्वीपेक्षा कमी ठेवला, यावरून हा अनुभव त्यांना नकोसा वाटला नव्हता हे दिसते. तरीही ज्या मोठ्या पालटाची अपेक्षा धरून लोक खाते बंद करतात तो या आकड्यांत सापडत नाही. तास मिळाला, आणि तो कशाने भरायचा हा प्रश्न ज्याचा त्याच्यापाशी राहिला.

याहून जुना एक अभ्यास येथे आठवणे योग्य ठरेल. रॉबर्ट क्राउट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये अमेरिकेतील पिट्सबर्ग परिसरातल्या, नव्यानेच इंटरनेट मिळालेल्या ७३ कुटुंबांचा अभ्यास प्रसिद्ध केला, तेव्हा जास्त वापर करणाऱ्यांचा घरच्यांशी संवाद कमी होतो आणि एकटेपणा वाढतो असे त्यांना आढळले होते. परंतु त्याच संशोधकांनी काही वर्षांनी पुन्हा पाहणी केली तेव्हा ते दुष्परिणाम बव्हंशी मावळलेले दिसले, आणि ज्यांना मुळातच माणसांची सोबत होती त्यांना इंटरनेटचा लाभ अधिक झालेला आढळला. या दोन्ही अभ्यासांवरून तंत्र निर्दोष आहे असे ठरत नाही. त्यांवरून एवढेच कळते की तंत्राच्या आधी तिथे काय होते आणि तंत्र काढल्यावर तिथे काय उरते, यावर पुढचे बरेचसे अवलंबून असते.

तेव्हा खऱ्या नात्याला काय लागते, हे आधी पाहिले पाहिजे. पहिली गरज वेळेची, आणि तीही मोठ्या वेळेची. अमेरिकेतील कॅन्सस विद्यापीठातले जेफ्री हॉल यांच्या संशोधनाचा अंदाज असा की केवळ ओळखीच्या माणसाचा साधा मित्र होण्यास सुमारे ५० तासांचा सहवास लागतो, मित्र म्हणावा अशा मैत्रीला ९० तास, तर जवळच्या मैत्रीला २०० तासांहून अधिक. हे आकडे एका समाजातल्या पाहणीचे आहेत आणि ते ब्रह्मवाक्य मानू नयेत. परंतु त्यांतून जे प्रमाण दिसते ते कुठल्याही समाजातल्या माणसाला आपल्या अनुभवाशी ताडून पाहता येईल. ब्रिटिश मानववंशशास्त्रज्ञ रॉबिन डनबार यांनी माणसाला टिकवता येणाऱ्या संबंधांची मर्यादा सुमारे १५० सांगितली, आणि त्याच्याही आत ५, १५ व ५० अशी लहान लहान वर्तुळे मांडली. या मांडणीवर वाद आहेत, पण अगदी आतल्या वर्तुळात मोजकीच माणसे मावतात ही तिची मुख्य गोष्ट नाकारणे कठीण आहे. समाजमाध्यम ही वर्तुळे एका पातळीवर आणते. सख्ख्या बहिणीचे आजारपण, कॉलेजात एकदाच भेटलेल्या मुलाची नवी गाडी आणि कधीच न भेटलेल्या नटाचे लग्न या तिन्ही बातम्या एकाच आकाराच्या चौकटीत, एकापाठोपाठ एक येतात आणि तिन्हींना सारखाच, क्षणभराचा प्रतिसाद मागतात.

दुसरी गरज बांधिलकीची. नाते म्हणजे एकमेकांवर असलेला हक्क आणि त्या हक्काबरोबर येणारी गैरसोय. जिथे गैरसोय सोसण्याची तयारी नाही तिथे ओळख असते, जिव्हाळा नसतो. ही गोष्ट मृत्यूच्या प्रसंगी सर्वांत स्पष्ट दिसते. महाराष्ट्रातल्या अनेक घरांत कुणी गेले की पुढचे दहा दिवस माणसांची ये-जा सुरू राहते. आलेला माणूस दारात चप्पल काढतो, सतरंजीवर बसतो आणि काही वेळाने ‘कसं झालं?’ एवढेच विचारतो. मग घरातली सून किंवा मुलगा रात्री छातीत कसे दुखू लागले, रिक्षा कशी मिळेना, डॉक्टर काय म्हणाले, ही सगळी हकीकत पहिल्यापासून सांगतो, आणि दुपारी दुसरे कुणी आले की तीच हकीकत पुन्हा सांगतो. घरात चूल पेटत नाही म्हणून शेजारून पिठलंभाकरी किंवा वरणभात येतो. निघताना ‘येतो’ म्हणायचे नाही ही रीत सर्वांना ठाऊक असते, म्हणून माणसे नुसतीच उठतात. बाहेरून पाहणाऱ्याला ही पुनरावृत्ती निरर्थक वाटेल, पण तीच या प्रथेचा गाभा आहे, कारण न सोसणारी गोष्ट दहावीस वेळा माणसांसमोर बोलली गेल्यानेच हळूहळू सोसण्याजोगी होते, आणि ऐकणाऱ्याने त्यासाठी आपले काम टाकून, बसचे तिकीट काढून आलेले असणे हाच त्याचा दिलासा असतो. आता तीच बातमी ग्रुपवर पडते, तिच्याखाली ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ हे दोन शब्द आणि जोडलेल्या हातांचे चिन्ह पन्नास जणांकडून पाच मिनिटांत येते. लिहिणाऱ्यांना दुःख झालेले नसते असे मुळीच नाही. परंतु कर्तव्य केल्याचे समाधान त्या चिन्हाबरोबरच मिळून जाते आणि प्रत्यक्ष जाणे राहून जाते. ज्याच्या घरी दुःख आहे त्याला पन्नास संदेश मिळतात, पण ती रात्रीची हकीकत सांगायला समोर कुणी बसलेले नसते. समाजमाध्यमांमुळे नात्यांची जी हानी झाली तिचे स्वरूप येथे नेमके दिसते. संपर्क तुटलेला नाही. थोडक्यात भागवण्याची सोय झाली, आणि त्या सोयीने मोठा खर्च करण्याचे निमित्तच काढून घेतले.

ही सोय आपोआप घडलेली नाही. अर्थशास्त्रज्ञ हर्बर्ट सायमन यांनी १९७१ मध्येच म्हटले होते की माहितीची विपुलता झाली की अवधानाची, म्हणजे माणसाच्या लक्ष देण्याच्या शक्तीची, टंचाई होते. आणि ज्या वस्तूची टंचाई होते तिचा बाजार भरतो. २००६ मध्ये कितीही सरकवले तरी न संपणारे पान आले, २००९ मध्ये फेसबुकवर पसंतीचे बटण आले, आणि या दोन्हींमुळे पडदा पुन्हा पुन्हा उघडून पाहण्याची सवय लागली. वापरणाऱ्याचा वेळ जाहिरातदाराला विकून चालणाऱ्या धंद्याला दोन मित्रांनी फोन ठेवून टेकडीवर फिरायला जाणे परवडत नाही, एवढे यासंबंधी सांगितले तरी पुरे.

मग माणसे सोडत का नाहीत? इच्छाशक्ती कमी पडते, हे नेहमीचे उत्तर अपुरे आहे. लिओनार्डो बुर्झ्टिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२३ मध्ये अमेरिकेतील महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवर केलेला एक अभ्यास या बाबतीत फार मोलाचा आहे. एकट्याने चार आठवडे खाते बंद ठेवायचे तर किती पैसे घ्याल, असे विचारल्यावर विद्यार्थ्यांनी सरासरीने टिकटॉकसाठी ५० डॉलरहून अधिक आणि इन्स्टाग्रामसाठी ४० डॉलरहून अधिक मागितले. परंतु कॉलेजातले बहुतेक सगळेच, स्वतः त्या विद्यार्थ्यासह, बाहेर पडणार असतील तर काय, असा प्रश्न केल्यावर हिशेब उलटला आणि तसे घडावे म्हणून सरासरीने ते स्वतःच्या खिशातून पैसे द्यायला तयार झाले. म्हणजे जी वस्तू वापरणाऱ्यांपैकी पुष्कळांना ती मुळात नसती तर बरे असे वाटते, तीच वस्तू बाकीचे वापरतात म्हणून त्यांना वापरावी लागते. या स्थितीला संशोधकांनी सामूहिक सापळा म्हटले आहे. सोसायटीच्या पाण्याची वेळ, मुलाच्या वर्गातली सूचना, मामेबहिणीच्या साखरपुड्याची तारीख हे सारे ज्या ग्रुपवर येते त्यातून एकट्याने बाहेर पडणारा माणूस शांती मिळवतो आणि आमंत्रण गमावतो. जो माणूस आधीच एकटा आहे त्याला ही किंमत सर्वांत जड जाते, आणि नेमक्या त्याच माणसाला सोडण्याचा उपदेश सर्वांत जास्त केला जातो, हे अन्यायाचे आहे.

या सापळ्यातून बाहेर पडण्याचा एक प्रयोग महाराष्ट्रातच झालेला आहे. सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ च्या स्वातंत्र्यदिनाच्या सुमारास ठरवले की रोज संध्याकाळी सात वाजता देवळावरचा भोंगा वाजेल आणि दीड तास, म्हणजे साडेआठपर्यंत, गावात टीव्ही आणि मोबाइल बंद राहतील. त्या वेळात मुलांनी अभ्यास करावा, मोठ्यांनी वाचावे, एकमेकांशी बोलावे. करोनाच्या काळात शाळा फोनवर भरली होती, आणि शाळा पुन्हा उघडल्या तरी फोन मुलांच्या हातून सुटेना, हे त्यामागचे तात्कालिक कारण होते. त्या वेळचे सरपंच विजय मोहिते यांनी वार्ताहरांना जे सांगितले त्यानुसार कल्पना निघाली तेव्हा पुरुष हसले होते. मग ग्रामपंचायतीने महिलांची सभा बोलावली, तिथे बायांनी मालिकांचे आणि मोबाइलचे व्यसन लागत असल्याचे मोकळेपणी मान्य केले आणि गावाने मिळून हे करावे असे ठरले. पहिल्या दिवसांत आशा कार्यकर्त्या, अंगणवाडी सेविका, ग्रामपंचायतीचे कर्मचारी आणि निवृत्त शिक्षक घरोघरी फिरून समजावत होते.

या प्रयोगाची रचना बारकाईने पाहण्यासारखी आहे. येथे कुणालाही खाते बंद करायला सांगितलेले नाही. दिवसाच्या साडेबावीस तासांत फोन ज्याचा त्याला मोकळा आहे. दीड तासाचा हा नियम सर्वांना एकाच वेळी लागू होतो, त्यामुळे त्या वेळात कुणी काही गमावत नाही, कारण तेव्हा ग्रुपवर गावातले कुणी बोलतच नसते. फोन बाजूला ठेवणाऱ्याला आपण घुमे किंवा शिष्ट नाही हे कुणाला पटवावे लागत नाही, आणि शेजाऱ्याच्या दारात गेल्यावर तो मालिका बघत असेल ही शंका मनात येत नाही. ज्याला स्वतःच्या निर्धाराने फोन ठेवणे जमले नसते त्याचे कामही भोंग्याने होते. एकट्याच्या संयमावर ज्याचा भार टाकला जातो ते गावाने वेळापत्रकावर सोपवले. त्याच वर्षी यवतमाळ जिल्ह्यातील बान्शी या गावाच्या ग्रामसभेने १८ वर्षांखालील मुलांना मोबाइल वापरण्यास बंदी करण्याचा ठराव केला. त्या ठरावामागची काळजी समजण्याजोगी असली तरी दोन्हींतला फरक मोठा आहे, कारण बंदी धाकट्यांवर आणि सूट थोरल्यांना असली की नियम मुलांना शिक्षेसारखा वाटतो, आणि ज्या वेळात फोन काढून घेतला त्या वेळात मुलांशी बोलायला मोठी माणसे मोकळी असतीलच याची हमी राहत नाही.

येथे एक गंभीर आक्षेप उभा राहतो आणि तो बाजूला सारता येणार नाही. मिळून भेटण्याच्या जुन्या जागा सर्वांच्या नव्हत्या. पारावर कोण बसे, चावडीत कुणाचे ऐकले जाई, वाड्याच्या ओट्यावर कुणाला जागा होती आणि कुणाला अंगणाबाहेर उभे राहावे लागे, हे जातीने आणि लिंगाने ठरलेले होते; हळदीकुंकवाच्या समारंभातून विधवा वगळल्या जात आणि पुष्कळ ठिकाणी आजही वगळल्या जातात. ज्या दलित तरुणाला गावच्या कट्ट्यावर बरोबरीने बोलता येत नाही, ज्या समलिंगी मुलीला तालुक्याच्या गावी आपल्यासारखे कुणी दिसत नाही, त्यांना पडद्यावर सापडलेली माणसे हीच पहिली खरी सोबत असते, आणि तिला खोटी ठरवण्याचा अधिकार ओट्यावर आयती जागा मिळालेल्यांना नाही. दुबईत किंवा न्यू जर्सीत राहणाऱ्या मुलाचा रविवारी सकाळी येणारा व्हिडिओ कॉल एखाद्या म्हाताऱ्या जोडप्याचा आठवड्याचा आधार असतो. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ मध्ये दाखवून दिले होते की नोकरीची बातमी बहुधा जिवलगांकडून येत नाही, दूरच्या ओळखीतून येते, कारण जिवलगांना जे ठाऊक असते ते आधीच सर्वांना ठाऊक असते. आणि असे सैल धागे सांभाळण्यात समाजमाध्यमांची बरोबरी करणारे दुसरे साधन नाही. म्हणून सर्वांनी सर्व काही सोडावे असा सल्ला ज्यांच्या पाठीशी गोतावळा आहे त्यांच्या सोयीचा आहे.

तरी या आक्षेपातून माध्यम जोडते आणि गाव तोडते असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना ठार मारले. ते भिक्षा मागत फिरणारे लोक होते आणि आठवडी बाजाराच्या दिवशी तिथे आले होते. भटक्या जमातींविषयीचा संशय मोबाइलच्या कितीतरी आधीचा आहे, त्याचा दोष यंत्राला देता येणार नाही. परंतु परिसरात मोबाइलवरून फिरलेल्या अफवेने त्या संशयाला वेग दिला, आणि समोर उभ्या असलेल्या माणसाला तुझे गाव कोणते, कुणाकडे उतरलास, एवढे विचारून त्याच्या उत्तरावर विश्वास ठेवण्याची तयारी उरली नाही. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली. गावाची भिंत पडद्यावर तशीच उभी राहते, हे या घटनेतून दिसते. ती पाडायची तर जुन्या ओट्यापेक्षा वेगळ्या, सर्वांना खुल्या अशा भेटीच्या जागा लागतील.

अशा जागांची बीजे मराठी समाजात आहेत. वारीतल्या दिंडीत माणूस वर्षानुवर्षे त्याच सोबत्यांबरोबर रोज दहावीस किलोमीटर चालतो, एकाच पंगतीत जेवतो, एकाच राहुटीत झोपतो, आणि हॉल यांनी सांगितलेल्या तासांचा मोठा वाटा एकाच आषाढात पुरा होतो. दिंड्यांतही जातीचे वेढे आहेत हे मान्य करूनही दोन अनोळखी माणसांनी एकमेकांना माऊली म्हणून वाकण्याची ती रीत मोलाची आहे. भिशीत दर महिन्याला यावेच लागते, कारण पैसे गुंतलेले असतात, आणि त्या सक्तीच्या निमित्ताने वस्तीतल्या बायकांना घराबाहेर बसण्याची हक्काची दुपार मिळते. गावोगावी हजारो सार्वजनिक ग्रंथालये अनुदानावर चालतात, पण नोकरी करणारा माणूस घरी परतेपर्यंत त्यांपैकी पुष्कळांची दारे लागतात. ती रात्री नऊपर्यंत उघडी ठेवणे, तिथे आठवड्यातला एक वार एकत्र वाचनाला राखणे आणि त्या वारी येणाऱ्याची जात, वय, लिंग न विचारणे, हे कितीतरी खात्यांच्या बंद होण्यापेक्षा अधिक उपयोगाचे होईल. शहरी सोसायट्यांना भोंगा लावता येणार नाही, मात्र आठवड्यातून एका संध्याकाळी ग्रुप बंद ठेवून गच्चीवर जमणे त्यांना जमण्यासारखे आहे, आणि ग्रुपवर येणारी सूचना त्याच दिवशी जिन्याखालच्या फळ्यावरही लिहिली जावी एवढा नियम केला तर ज्याला बाहेर पडायचे आहे त्याला पाण्याची वेळ चुकण्याची भीती न धरता बाहेर पडता येईल.

या साऱ्या योजनांत एक हिशेब मात्र आधीच करायला हवा. संध्याकाळी सात ते साडेआठ ही वेळ पुष्कळ मराठी घरांत स्वयंपाकाची असते. टीव्ही बंद झाल्यावर ओसरीवर गप्पांचा फड जमला आणि घरातली बाई तेव्हाही तव्यासमोरच उभी राहिली, तर मोकळा झालेला दीड तास पुरुषांचा आणि मुलांचा होईल, आणि ज्या महिलांच्या सभेच्या होकारावर असा निर्णय उभा राहिला त्यांनाच त्या वेळात बसून बोलायला मिळणार नाही. मालिका हीच कामाच्या रगाड्यातली तिची एकमेव विश्रांती असेल तर ती काढून घेताना तिच्या बदल्यात काय दिले, हे विचारावे लागेल. भाकऱ्या आधी कुणी आणि कितीजणांनी मिळून थापायच्या, भांडी कुणी घासायची, हे ज्या सभेत भोंग्याची वेळ ठरते त्याच सभेत ठरले पाहिजे.